बाष्पीभवनाची उष्णता आणि चेन्नईचे पाणी

१२ जुलै २०१९ रोजी तमिळनाडूतील जोलारपेट्टै येथून पाण्याच्या टाक्यांची एक मालगाडी चेन्नईला पोहोचली. तिच्यातून सुमारे २५ लाख लिटर पाणी आले होते. शहराला पाणी पुरविणारे पूंडी, चोळवरम, पुळल (रेड हिल्स) आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय त्या उन्हाळ्यात जवळजवळ कोरडे पडले होते. बंगालच्या उपसागराच्या अगदी काठावर वसलेल्या महानगराला दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून रेल्वेने पाणी आणावे लागावे, ही विसंगती त्या वेळी वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चिली गेली. समुद्राचे पाणी उकळावे, वाफ थंड करावी आणि गोडे पाणी मिळवावे, हे तर शालेय प्रयोगशाळेतही करून दाखविले जाते. मग ते शहराच्या पातळीवर का होत नाही?

या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रातील एका राशीत दडलेले आहे. ती राशी म्हणजे बाष्पनाचा अप्रकट उष्मा. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना हा घटक सामान्य विज्ञानात व्याख्येपुरता भेटतो, तर जलटंचाई, ऊर्जा आणि पायाभूत सुविधा हे विषय अर्थशास्त्राच्या व भूगोलाच्या पुस्तकात वेगळे भेटतात. प्रत्यक्षात ते एकाच हिशेबाचे भाग आहेत. चेन्नई आणि तिच्या परिसरात पाण्याच्या बाष्पीभवनाशी संबंधित जवळजवळ सर्व प्रयोग झालेले असल्याने तो हिशेब तेथे विशेष स्पष्टपणे मांडता येतो.

अप्रकट उष्मा म्हणजे काय?

पाण्याला उष्णता दिली की त्याचे तापमान वाढते. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढविण्यास १ किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. परंतु पाणी १०० अंशांना पोहोचून उकळू लागले की कितीही उष्णता दिली तरी तापमापीतील पारा पुढे सरकत नाही. दिलेली उष्णता तापमानाच्या रूपाने प्रकट होत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. द्रवातील रेणू परस्परांच्या आकर्षणाने जखडलेले असतात. हे बंधन तोडून त्यांना वायुरूपात मोकळे करण्यात ही उष्णता खर्ची पडते. एक किलोग्रॅम पाण्याचे १०० अंशांवर त्याच तापमानाच्या वाफेत रूपांतर करण्यास ५४० किलोकॅलरी म्हणजे सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते. पाण्याच्या दृष्टीने हा आकडा असामान्यपणे मोठा आहे. बर्फ वितळण्यासाठी केवळ ८० किलोकॅलरी पुरतात.

ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकाच्या प्रारंभी अप्रकट उष्म्याची संकल्पना मांडली. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅटला स्वतंत्रपणे असे आढळले की, थोडीशी वाफ थंड पाण्यात सोडली तर ती आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळण्याच्या बिंदूपर्यंत तापविते. त्याला याचे आश्चर्य वाटले आणि ब्लॅककडून त्याला त्याचे कारण कळले. आजच्या आकड्यांनी हे पडताळता येते. १० अंशांचे पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास किलोमागे ९० किलोकॅलरी लागतात आणि ५४० ला ९० ने भागले की ६ येतात. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बाष्पनात जी उष्णता घेतली जाते तेवढीच उष्णता वाफेचे पुन्हा पाणी होताना बाहेर पडते. ही उष्णता नष्ट होत नाही, केवळ हात बदलते. पुढील सर्व तंत्रज्ञान याच एका वाक्यावर उभे आहे.

दुसरा मुद्दा उत्कलन आणि बाष्पीभवन यांतील फरकाचा. उत्कलन ठराविक तापमानाला व द्रवाच्या संपूर्ण आकारमानात होते. बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला, परंतु केवळ पृष्ठभागावरून होते. उत्कलनांक हाही स्थिर नसतो, तो बाहेरील दाबावर अवलंबून असतो. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी सुमारे १२० अंशांना उकळते, तर लेहसारख्या उंच ठिकाणी ते ९० अंशांच्या आतच उकळू लागते आणि डाळ शिजता शिजत नाही. दाब पुरेसा उतरविला तर पाणी खोलीच्या तापमानालाही उकळेल. मात्र त्यामुळे अप्रकट उष्म्याची बचत होते असा समज कोणी करून घेऊ नये. उलट ३० अंशांच्या आसपास तो ५४० वरून वाढून सुमारे ५८० किलोकॅलरी होतो, कारण थंड द्रवातील रेणू एकमेकांना अधिक घट्ट धरून असतात.

समुद्र उकळण्याचा खर्च

चेन्नईच्या उत्तरेस मिंजूरजवळ काट्टुपळ्ळी येथे २०१० पासून दिवसाला १० कोटी लिटर गोडे पाणी देण्याच्या क्षमतेचा निःक्षारीकरण प्रकल्प आहे. त्यात पाणी उकळले जात नाही. त्याची पद्धत पुढे पाहू. तूर्त असे समजू की एवढेच पाणी साध्या ऊर्ध्वपातनाने मिळवायचे आहे. खाऱ्या पाण्याचे आकडे शुद्ध पाण्यापेक्षा किंचित वेगळे असतात, तो फरक येथे सोडून देऊ.

समुद्राचे पाणी २८ अंशांचे धरले तर ते १०० अंशांपर्यंत नेण्यास लिटरमागे ७२ किलोकॅलरी आणि वाफ करण्यास ५४०, असे एकूण ६१२ किलोकॅलरी लागतील. एका घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, ६ लाख १२ हजार किलोकॅलरी. विजेच्या परिमाणात सांगायचे तर सुमारे ७१० युनिट. किलोमागे ४००० किलोकॅलरी देणारा भारतीय कोळसा वापरला आणि त्याची उष्णता कणभरही वाया गेली नाही असे मानले, तरी हजार लिटरला सुमारे १५३ किलो कोळसा जाळावा लागेल. १० कोटी लिटरसाठी दररोज १५,३०० टन. २१० मेगावॉटचा एक औष्णिक संच पूर्ण क्षमतेने चालविण्यास दिवसाला साधारण साडेतीन हजार टन कोळसा लागतो. म्हणजे चार संचांहून अधिक संचांचा कोळसा केवळ पाणी उकळण्यात जाईल आणि त्यातून मिळणारे पाणी महानगराच्या गरजेचा एक लहानसा अंश भागवील.

या हिशेबात पाणी तापविण्याचा वाटा १२ टक्क्यांहूनही कमी आहे, उरलेला सर्व भार अप्रकट उष्म्याचा. म्हणून भट्टी सुधारून किंवा भांडे बदलून हा प्रश्न सुटत नाही. मार्ग तीनच उरतात. एकदा दिलेली उष्णता पुन्हा पुन्हा वापरणे, दुसऱ्या कोणाची टाकाऊ उष्णता घेणे, किंवा पाण्याची वाफच न करणे. चेन्नईच्या किनाऱ्यावर तिन्ही आजमावले गेले आहेत.

कल्पाक्कम : तीच उष्णता पुन्हा

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरवर कल्पाक्कम येथे मद्रास अणुवीज केंद्र आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने या केंद्राला जोडून निःक्षारीकरणाचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. त्याची एकूण क्षमता दिवसाला ६३ लाख लिटर. त्यापैकी ४५ लाख लिटर पाणी बहुटप्पी क्षणिक बाष्पन पद्धतीने आणि १८ लाख लिटर पटलाच्या पद्धतीने मिळविण्याची योजना होती.

बहुटप्पी पद्धतीत तापविलेले खारे पाणी एकामागून एक अशा अनेक कक्षांतून नेले जाते आणि प्रत्येक कक्षातील दाब आधीच्यापेक्षा कमी ठेवला जातो. दाब उतरताच पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ होतो. ही वाफ ज्या नळ्यांवर थंड होऊन पाणी बनते, त्या नळ्यांतून समुद्राचे नवे पाणी आत येत असते. बाहेर पडणारा अप्रकट उष्मा या नव्या पाण्याला तापवितो. अशा रीतीने एकदा दिलेली उष्णता अनेक वेळा कामी येते आणि चांगल्या संयंत्रात एक किलो वाफेच्या मोबदल्यात आठ ते दहा किलो गोडे पाणी मिळते. आखाती देशांनी आपली शहरे दीर्घकाळ याच पद्धतीवर पोसली. तेथे इंधन विपुल होते आणि दुसरे पाणी नव्हते.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. वीजकेंद्रातील वाफ या कामाला घेतली तर ती 'फुकट' मिळाली असे अनेकदा लिहिले जाते. हे बरोबर नाही. जनित्र फिरविणाऱ्या यंत्रातून मधेच काढून घेतलेली वाफ पुढच्या टप्प्यांत आणखी थोडी वीज निर्माण करू शकली असती. ती न झालेली वीज ही त्या पाण्याची संधिव्यय किंमत होय. वाफ जितकी अधिक उष्ण व अधिक दाबाची, तितकी ही किंमत जास्त. सर्व काम करून झाल्यावर, जिच्यापासून आता एक युनिटही वीज निघणार नाही अशी उष्णता मिळाली, तरच ती खऱ्या अर्थाने फुकट. अशी उष्णता अस्तित्वात आहे आणि तीही प्रचंड प्रमाणात आहे. परंतु ती इतकी कोमट असते की तिच्याकडून काम करून घेणे अवघड जाते.

कोमट पाण्याचा उपयोग

चेन्नईतील पळ्ळिकरणै येथे राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. उष्ण कटिबंधातील समुद्राचा पृष्ठभाग वर्षभर २८ अंशांच्या आसपास असतो, तर काहीशे मीटर खोलीवरचे पाणी १२ अंशांपर्यंत थंड असते. या फरकावर संस्थेने कमी तापमानाचे औष्णिक निःक्षारीकरण विकसित केले. तत्त्व सोपे आहे. २८ अंशांना पाण्याचा बाष्पदाब वातावरणाच्या सुमारे सत्ताविसाव्या भागाइतका असतो. कक्षातील हवा निर्वात पंपाने काढून दाब त्याहूनही थोडा खाली नेला की पृष्ठभागावरचे कोमट पाणी कोणत्याही इंधनाशिवाय उकळू लागते. वाफ थंड करण्याचे काम खोलवरून आणलेले पाणी करते.

पण ५८० किलोकॅलरींचे देणे चुकत नाही. ते कोण देते? तेच कोमट पाणी देते, स्वतः थंड होऊन. समजा ते २८ वरून २३ अंशांवर उतरले, तर प्रत्येक लिटरने ५ किलोकॅलरी दिल्या. म्हणजे एक लिटर गोड्या पाण्यासाठी सुमारे ११५ लिटर कोमट पाणी कक्षातून जावे लागते आणि वाफेची उष्णता काढून घेण्यासाठी जवळजवळ तेवढेच थंड पाणी खालून वर आणावे लागते. उष्णतेचे मूल्य शून्य, परंतु पंप, नळ आणि निर्वात यांचे मूल्य शून्य नाही. इंधनाचा खर्च भांडवली खर्चाकडे आणि विजेकडे सरकला, एवढेच.

लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे २००५ मध्ये दिवसाला १ लाख लिटर क्षमतेचे असे पहिले संयंत्र सुरू झाले. प्रवाळ बेटांजवळ समुद्रतळ किनाऱ्यापासून लगेच खोल जातो, त्यामुळे सुमारे ३५० मीटर खोलीचे थंड पाणी तुलनेने आखूड नळाने किनाऱ्यावर आणता आले. पुढे २०११ मध्ये मिनिकॉय व अगत्ती येथे तशीच संयंत्रे झाली आणि नंतर आणखी सहा बेटांसाठी प्रत्येकी दीड लाख लिटरची संयंत्रे हाती घेण्यात आली. चेन्नईचा किनारा मात्र उथळ उताराचा आहे. तेथे थंड पाणी गाठण्यासाठी संस्थेला २००७ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे ४० किलोमीटर समुद्रात तराफ्यावर दिवसाला १० लाख लिटर क्षमतेचे संयंत्र उभारून पाहावे लागले. प्रयोग म्हणून ते यशस्वी झाले. परंतु खुल्या समुद्रातील तराफा, उभा लटकणारा नळ आणि किनाऱ्यापर्यंतची वाहतूक हे सर्व धरता शहराच्या नित्य पुरवठ्यासाठी ती वाट पुढे चाललेली नाही. याचे नवल वाटू नये.

या संस्थेचा मला सर्वांत उद्बोधक वाटणारा प्रयोग आकाराने लहान म्हणावा असा आहे. २००९ मध्ये उत्तर चेन्नई औष्णिक वीजकेंद्रात तिने दिवसाला दीड लाख लिटर क्षमतेचे संयंत्र बसविले. कोळशातील उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेल्यातील मोठा भाग संघनकातून जाणाऱ्या समुद्राच्या पाण्याला मिळतो आणि ते पाणी समुद्राहून आठ-दहा अंश अधिक गरम होऊन बाहेर पडते. २१० मेगावॉटचा संच अशा रीतीने अंदाजे २७० मेगावॉट एवढी उष्णता समुद्रात सोडतो. ही सगळी उष्णता बाष्पनाला लागली असती तर दिवसाला सुमारे ९५ लाख लिटर पाण्याची वाफ करू शकली असती. प्रत्यक्षात तिचा लहानसा अंशच हाती लागतो, कारण आठ-दहा अंशांच्या फरकातून उष्णता वाहून न्यायची तर उष्णता-विनिमयाचे पृष्ठभाग फार मोठे आणि म्हणून महाग होतात. तरीही ही उष्णता विजेच्या दृष्टीने पूर्णतः निरुपयोगी झालेली असते, तिला संधिव्यय किंमत नाही. शिवाय गरम पाणी खाडीत व समुद्रात सोडल्याने जलचरांना पोहोचणारी बाधाही काही अंशी कमी होऊ शकते. खोल समुद्राचे पाणी आणण्याचा प्रश्न येथे उरतच नाही, समुद्राच्या पृष्ठभागाचे साधे पाणीच थंड बाजूला चालते. किनारी औष्णिक केंद्रांच्या स्वतःच्या बाष्पित्रांना लागणारे शुद्ध पाणी या मार्गाने मिळविण्याचा विचार आजवर झाला त्याहून अधिक गांभीर्याने व्हावयास हवा होता, असे माझे मत आहे.

वाफ न करता

मिंजूरच्या प्रकल्पात, तसेच दक्षिणेकडील नेम्मेली येथील २०१३ च्या १० कोटी लिटर आणि २०२४ च्या १५ कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पांत पाण्याची अवस्थाच बदलली जात नाही. खारे पाणी ५० ते ७० पट वातावरणीय दाबाने अर्धपार्य पटलातून ढकलले जाते. पाण्याचे रेणू पार होतात, क्षार मागे राहतात. यास व्यस्त परासरण म्हणतात. रेणूंना द्रवातून सुटे करावे लागत नसल्याने अप्रकट उष्म्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हजार लिटरला ३ ते ४ युनिट वीज पुरते.

७१० आणि ४ या आकड्यांची थेट तुलना करण्याचा मोह विद्यार्थ्यांनी टाळावा. एक संख्या उष्णतेची आहे आणि दुसरी विजेची. ४ युनिट विजेसाठी वीजकेंद्रात सुमारे १२ युनिट उष्णता खर्च झालेली असते. बहुटप्पी पद्धतीत उष्णता आठ-दहा वेळा वापरली जात असल्याने ७१० चे ७० ते ९० होतात. म्हणजे योग्य तुलना १२ विरुद्ध ७० ते ९० अशी आहे. अंतर घटले, पण मिटले नाही. मिंजूरच्या पाण्याचा करारातील सुरुवातीचा दर हजार लिटरला सुमारे ४९ रुपये होता. लक्षद्वीपमधील संयंत्रांच्या पाण्याचा चालविण्याचा खर्च शासनाने संसदेत लिटरला १९ पैसे, म्हणजे हजार लिटरला १९० रुपये, असा सांगितला आहे. दोहोंची व्याप्ती व परिस्थिती भिन्न आहे हे खरे. बेटावर वीज डिझेलवर होते आणि दुसरे पिण्याजोगे पाणी अत्यल्प, म्हणून तेथे १९० रुपये न्याय्य ठरतात. चेन्नईत ठरत नाहीत. पेरूर येथे ४० कोटी लिटर क्षमतेच्या आणखी मोठ्या प्रकल्पाची पायाभरणी २०२३ मध्ये झाली, तीही व्यस्त परासरणाच्याच पद्धतीची. या पद्धतीतही घेतलेल्या समुद्राच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी अधिक खारट होऊन परत जाते आणि त्याबाबत किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या तक्रारी आहेत. हा खर्च दरात धरलेला नसतो.

सूर्य जे फुकट करतो

आता हिशेबाची दुसरी बाजू. जे काम १५ हजार टन कोळशाने करावे लागले असते, ते सूर्य चेन्नईच्या जलाशयांवर रोज करीत असतो, आणि ते आपल्याला नको असते.

बाष्पीभवनाचा वेग तापमान, पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, वारा आणि हवेतील आर्द्रता यांवर ठरतो. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर पृष्ठभागावरून सुटलेले रेणू परत येण्याचे प्रमाण वाढते. मराठी वाचकास याचे ओळखीचे उदाहरण म्हणजे कूलर. नागपुरात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर असला तरी हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या पडद्यातून येणारी हवा सुखद गार होते. प्रत्येक लिटर पाणी ५८० किलोकॅलरी उष्णता हवेतूनच काढून घेते. चेन्नईत पारा ३७ अंशांवर असतानाही तोच कूलर निरुपयोगी ठरतो. घाम येतो, पण वाळत नाही. मद्रासच्या किनाऱ्यावर १८४२ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकी व्यापाऱ्याने बर्फासाठी कोठार बांधले आणि न्यू इंग्लंडमधील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने येथवर आणून विकला, ते धाडस अशा दमट हवेमुळेच परवडले असावे. ते 'आइस हाउस' आज विवेकानंदर इल्लम या नावाने उभे आहे. वस्तुतः एक लिटर पाणी वाळताना जेवढी उष्णता नेते तेवढी नेण्यास सात किलो बर्फ वितळावा लागतो. परंतु दमट हवेत मातीच्या माठातील पाणी हवे तेवढे वाळत नाही, आणि बर्फ मात्र हवा कशीही असली तरी वितळतो.

किनाऱ्यावरील हवा दमट असली तरी विस्तीर्ण जलाशयावर कडक ऊन आणि वारा यांचा प्रभाव मोठा असतो. पाण्याची पातळी दिवसाला ५ मिलिमीटरने खाली जाणे ही तेथील उन्हाळ्यात मुळीच अतिशयोक्ती नव्हे. ५ मिलिमीटर ऐकावयास क्षुल्लक वाटतात. चेंबरंबाक्कम तलावाचे पूर्ण भरल्यावरचे क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस किलोमीटर आहे. २५ चौरस किलोमीटरवरील ५ मिलिमीटर पाणी म्हणजे सव्वा लाख घनमीटर, म्हणजेच साडेबारा कोटी लिटर. मिंजूरचा प्रकल्प दिवसभरात जेवढे पाणी निर्माण करू शकतो, त्याहून अधिक पाणी एका भरलेल्या तलावावरून एका दिवसात उडून जाते. मिंजूरच्या दराने त्याचे मूल्य दररोज ६१ लाख रुपये होते.

चेन्नईच्या बाबतीत ऋतुचक्राने ही हानी वाढविली आहे. शहराचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. तलाव डिसेंबरअखेर भरतात आणि ते पाणी 'अग्नि नक्षत्रम्' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मे महिन्यातील तप्त काळातून पार करून पुढच्या पावसापर्यंत पुरवायचे असते. म्हणजे साठवणीचा काळ आणि उन्हाचा काळ एकच.

बाष्पीभवन रोखण्याचे उपाय पाठ्यपुस्तकात दिलेले असतात. सेटिल अल्कोहोलसारख्या द्रव्याचा एकरेणवीय थर पृष्ठभागावर पसरविणे हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. लहान, निवाऱ्यातील तळ्यावर तो चालतो. मोठ्या जलाशयावर वारा थर फाडून टाकतो आणि द्रव्य पुन्हा पुन्हा पसरावे लागते. दुसरा उपाय सौर पट्टांनी पाणी झाकण्याचा. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासण येथे नर्मदेच्या एका शाखा कालव्यावर २०१२ मध्ये १ मेगावॉटचा प्रकल्प झाला. त्यामुळे वर्षाला ९० लाख लिटर पाणी वाचेल असा अंदाज देण्यात आला होता. मिंजूरच्या दराने या पाण्याचे मूल्य वर्षाला साडेचार लाख रुपयांच्याही आतच भरते. असा प्रकल्प विजेच्या आणि वाचलेल्या जमिनीच्या मूल्यावर पटतो की नाही ते पाहावे; पाण्याच्या बचतीचे कारण पुढे करणे आकड्यांना धरून नाही.

पाणी उन्हापासून दूर ठेवण्याची सर्वांत स्वस्त जागा जमिनीखाली आहे. तमिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना छतावरील पावसाचे पाणी जमिनीत मुरविणे सक्तीचे केले. भूजलावर सूर्याची किरणे पडत नाहीत, त्याला ५८० किलोकॅलरी देणारे कोणी नसते. या उपायाचे मोजमाप मात्र कठीण. निःक्षारीकरण प्रकल्पाच्या नळावर मापक बसविता येतो, लाखो विहिरींतल्या वाढीवर येत नाही, आणि शासकीय अंदाजपत्रकात जे मोजता येते त्यालाच सहसा निधी मिळतो.

महाराष्ट्रात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर आहे. पैठणच्या नाथसागराचे पूर्ण भरल्यावरचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे. त्याच ५ मिलिमीटरच्या मापाने तेथून दिवसाला १७५ कोटी लिटर पाणी उडते. मोठे धरण बांधून झाले आहे, त्याचे क्षेत्रफळ आता कमी करता येणार नाही. शेततळ्याचे तसे नाही. २०१६ मध्ये राज्याने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली. पावसाचे वाहून जाणारे पाणी त्यात साठविले जाते तेथपर्यंत हिशेब ठीक आहे. परंतु अनेक ठिकाणी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली तळी विंधनविहिरीच्या पाण्याने भरून उन्हाळ्यासाठी राखली जातात. अर्ध्या एकराच्या तळ्यावरून, म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटरवरून, दिवसाला दहा हजार लिटर पाणी हवेत जाते. वीज खर्चून शंभर मीटर खालून वर काढलेले हे पाणी आहे. शेजाऱ्याची विहीर आटण्याआधी ते आपल्या ताब्यात घेणे एकेका शेतकऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचे असते, कारण भूजलावर कोणाचीच मालकी ठरलेली नाही. गावाच्या एकत्रित हिशेबात मात्र ते सूर्याला दिलेले पाणी आहे. ज्या भूजलाचा साठा जमिनीखाली एक थेंबही न वाळता राहिला असता, त्याच्या वाटपाचा नियम ठरलेला नाही, म्हणून ते उन्हात आणून ठेवले जाते.